आरशाखालचा कारकून

मुख्याध्यापिका बाईंनी "खांद्याखाली" म्हटलं आणि वहिनीने "कानाखाली" ऐकलं. बाई मान खाली घालून मोबाईलवर काहीतरी वाचत होत्या, त्यामुळे ओठ दिसले नाहीत. पहिला झुपका जमिनीवर पडला तेव्हा त्यांनी मान वर केली, आरशात पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मी खांद्याखाली सांगितलं होतं."

हे मात्र वहिनीला नीट कळलं, कारण आता ओठ समोर होते.

झालेलं सांधणं शक्य नव्हतं. तिने दुसरी बाजू पहिलीच्या मापाने कापली, मानेवरचे केस झटकले आणि पैसे घेतले नाहीत. बाई रुमाल बांधून निघून गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत.

वहिनीचं केस कापायचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, केस धुवायचं एक बेसिन आणि वाट बघणाऱ्यांसाठी बाकडं. दुकान उघडलं त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणून शेजारीण आली होती. ती वहिनी म्हणायची, म्हणून सगळ्याच म्हणायला लागल्या. तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या बायकाही बिनदिक्कत वहिनी म्हणत.

कानांनी दगा द्यायला वर्षभरापूर्वीच सुरुवात केली होती. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग फोनची रिंग, मग बोलणाऱ्याच्या तोंडची शेवटची अक्षरं. तिने कोणाला थांगपत्ता लागू दिला नाही. गिऱ्हाईक आरशात बघून बोलतं, निम्मं ओठांवरून कळतं, उरलेलं अंदाजाने. "हो ना", "काय सांगता" आणि "कठीण आहे बाई" एवढ्या भांडवलावर तिने तासन् तास गप्पा निभावल्या. एकदा एकजण नवऱ्याचं ऑपरेशन छान पार पडल्याचं सांगत होती आणि ही म्हणाली, "कठीण आहे बाई." बाकड्यावरच्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तेही तिने हसण्यावारी नेलं. पण कापलेले केस हसण्यावारी नेता येत नाहीत.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो फ्रीज दुरुस्त करायचा, स्वभावाने शांत. दुसऱ्या दिवशी काम बाजूला ठेवून तो तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्वच्छ सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा. कानात घालायचं यंत्र दिलं. घरात त्याचा थोडा उपयोग झाला. दुकानात मात्र ड्रायर सुरू केला की ते शिट्ट्या मारायचं, आणि कानाजवळची कात्री कोणी पत्रा कापत असल्यासारखी वाजायची. दुकानात ते काढून खिशात ठेवायची पाळी आली.

रविवारी नणंद आली. पाठीला पाठ लावून आलेली बहीण म्हणून नवऱ्याला तिचं फार. तिने विषयाला हातच घातला. समोर बसून, सावकाश, हातवारे करत ती म्हणाली, "वहिनी, गाळ्याचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. माझ्या धाकट्या दिराला मोबाईलच्या सामानाचं दुकान टाकायचंय. मालकाला मी विचारून ठेवलंय. तू आता आराम कर."

"विचारून ठेवलंस?"

"तुझ्या भल्यासाठीच ना."

नवरा म्हणाला, "अगं, आयुष्यभर उभी राहिलीस. पाय दुखतात म्हणतेस. पुरे झालं आता."

वहिनीने दोघांकडे पाहिलं. पाय दुखतात हे खरं होतं. पण पाय दुखतात म्हणून कोणी मान कापून घेत नाही, असं तिच्या मनात आलं. ती एवढंच म्हणाली, "करार संपू दे. तोवर गाळा माझा आहे."

हे सगळं कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सासरे ऐकत होते. ते कारखान्याच्या भांडारातून निवृत्त झाले होते आणि सोबत्यांनी निरोपाच्या वेळी त्यांना एक टॅब्लेट दिला होता. घरच्यांना वाटलं, म्हातारा तो कपाटात ठेवून देईल. झालं उलटंच. जन्मभर खिळ्या-स्क्रूंना जागा नेमून देणाऱ्या माणसाला पडद्यावरची ती चौकोनी चित्रं पाहून नवं भांडारच सापडलं. रोज नवीन अ‍ॅप उतरवायचं, चार दिवस वापरायचं, नापास झालं की काढून टाकायचं. आणि त्या अ‍ॅपांबद्दल बोलायचे तर जितीजागती माणसं असल्यासारखं. "हा हवामानवाला थापाड्या आहे, पण गोड बोलतो." "हा भिंगवाला गुणी, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर याच्याशिवाय वाचवत नाही." सर्वांत लाडका होता पाणसळवाला. टॅब्लेट आडवा ठेवला की पृष्ठभाग सपाट आहे की कललेला ते दाखवायचा. त्याच्या जोरावर त्यांनी घरातली प्रत्येक फळी, प्रत्येक तसबीर सरळ करून टाकली होती. नवरा म्हणायचा, "बाबा, आता फक्त आम्हीच वाकडे उरलो."

नणंद गेल्यावर सासरे टॅब्लेट घेऊन सुनेसमोर येऊन बसले. पडदा तिच्याकडे वळवला आणि तोंडाने बोलू लागले. पडद्यावर अक्षरं उमटली.

"सुनबाई हे वाचता येतंय का बघ"

वहिनीने वाचलं. पुन्हा वाचलं. मग सासऱ्यांकडे पाहिलं.

"बोललेलं लिहून घेतो," सासरे म्हणाले आणि पडद्यावर तेही उमटलं. "कारकून आहे. मराठी वेगळी उतरवून घ्यावी लागते, ती मी कालच घेतली. नेट नसलं तरी चालतो. जरा धांदरट आहे, पण कष्टाळू वाटतो."

त्या दिवशी जेवायला बसताना टॅब्लेट पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पहिल्यांदा गंमतच झाली. नवऱ्याने भाजी मागितली तर कारकुनाने "माझी वाढ" लिहिलं आणि वहिनीने त्याला भात वाढला. सासरे ठसका लागेपर्यंत हसले. मग हळूहळू टॅब्लेट तिथे आहे हे सगळे विसरले. नवरा ताटाकडे बघत पुटपुटला. ओठ दिसले नाहीत, आवाज आला नाही, पण अक्षरं आली.

"तिला जमणार नाही बाबा उगाच आशा लावू नका तिला सांगणार कोण"

वहिनीने घास खाली ठेवला. "मला सांगितलंत की आत्ता," ती म्हणाली.

नवऱ्याने वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग पडद्याकडे. त्याचा चेहरा उतरला. "अगं, तसं नव्हतं म्हणायचं."

"तसंच म्हणायचं होतं. राग नाही मला. वर्षभर माझ्यामागे काय बोललं जातंय ते मला कळत नव्हतं, आज कळलं. बरं झालं." तिने सासऱ्यांकडे वळून विचारलं, "बाबा, हा कारकून मला दुकानात न्यायचाय. चालेल?"

"तुझाच समज," सासरे म्हणाले. "फक्त पत्त्यांचा डाव पुसू नकोस."

दुसऱ्या दिवशी ती सासऱ्यांनाच घेऊन दुकानात गेली. टॅब्लेट आरशाखालच्या फळीवर शाम्पूच्या बाटल्यांमध्ये उभा केला. पण घरचा शहाणा कारकून दुकानात येताच खुळा झाला. पहिल्या गिऱ्हाइकाने "मागे एकसारखे हवेत" म्हटलं, तर पडद्यावर आलं, "मागे एक सासरे हवेत." मागे बाकड्यावर एक सासरे बसलेलेच होते. वहिनीला हसू आवरेना आणि त्या बाईला कळेना की यात हसण्यासारखं काय आहे. दुसरीच्या डोक्यात कोंडा झाला होता, तिथे कारकुनाने कोंबडा केला.

"त्याचा दोष नाही," दुपारी दुकान रिकामं झाल्यावर सासरे म्हणाले. "गोंगाट आहे. गोंगाटात मलाही भांडारात लोक नट मागायचे आणि मी बोल्ट द्यायचो." त्यांच्याजवळ आवाज मोजणारं एक अ‍ॅप होतं. ते लावून त्यांनी नळ सोडून पाहिला, ड्रायर लावून पाहिला, दार उघडून रस्त्याचा आवाज घेतला. काटा सगळ्यात जास्त चढला तो छताच्या पंख्याने. इतकी वर्षं खटखटत होता, आधी त्याची सवय झालेली आणि आता वहिनीला ऐकू येत नव्हता, म्हणून दुरुस्त करायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पंख्याचं तिने नवऱ्याला सांगितलं. तो हत्यारांची पेटी घेऊन आला, शिडीवर चढला आणि पंखा उतरवून, बेअरिंग बदलून पुन्हा चढवला. जाताना शर्टाच्या खिशातून एक छोटा माइक काढून फळीवर ठेवला, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवतीच्या कापडाला चिमट्याने लावायचा. टॅब्लेटला तो बिनवायरीचा जोडता येत होता. "हा तोंडाजवळ राहील," तो तिच्याकडे तोंड करून म्हणाला. एवढं वहिनीला पुरलं.

माइक आला आणि कारकून सुधारला. वहिनीने स्वतःसाठी नियम घातले. नळ बंद असेल तेव्हाच प्रश्न विचारायचा. ड्रायर हातात असताना बोलायचं नाही. कात्री लावण्याआधी उत्तर वाचायचं. सगळं जुळून आलं होतं. एकच गोष्ट तिने केली नव्हती. तिने गिऱ्हाइकांना सांगितलं नव्हतं. टॅब्लेट कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "केसांची चित्रं दाखवायला." माइकबद्दल म्हणायची, "कापड घट्ट बसावं म्हणून चिमटा आहे."

आणि हे सोंग एका नर्सबाईपाशी उघडं पडलं.

ती नर्स नेहमीची. कामावरून थेट यायची, खुर्चीत बसली की डोळे मिटायची. त्या दिवशीही मिटले होते. वहिनी केस विंचरत होती आणि नर्स अगदी खालच्या आवाजात काहीतरी बोलली. पडद्यावर उमटलं, "परवा आई आली."

"अरे वा," वहिनी म्हणाली. "बरं झालं की. राहणार आहेत ना थोडे दिवस?"

नर्सने डोळे उघडले. आरशात वहिनीकडे नुसती बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता, पण वहिनीचा कंगवा हातातच थांबला. काहीतरी भयंकर चुकलंय एवढं तिला समजलं, काय चुकलंय ते समजेना. "कठीण आहे बाई" म्हणायचे दिवस संपले होते.

ती खुर्चीला वळसा घालून पुढे आली, स्टूल ओढून नर्सच्या समोर बसली. "मला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "वर्ष झालं. तो टॅब्लेट बोललेलं लिहितो, ते वाचून मी उत्तरं देते. त्याने आई आली असं लिहिलं. तुम्ही काय म्हणालात ते पुन्हा सांगा."

नर्सने फळीवरून टॅब्लेट उचलला, वाचला. मग बोटाने एकेक अक्षर दाबून लिहिलं आणि पडदा वहिनीकडे वळवला. "गेली."

वहिनीने तिचे दोन्ही हात धरले. बाकड्यावर कोणी नव्हतं, ते एक बरं होतं.

नंतर डोळे पुसून नर्स सावकाश, ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे पेशंट दुखणं लपवतात ना, त्यांचेच जास्त हाल होतात. लपवलंत कशाला?"

"लोक येणार नाहीत म्हणून."

"मी केस अर्धवट ठेवून गेले का?"

नव्हती गेली. त्या दिवशी तिने केस कापूनच घेतले, आणि वहिनीने ते इतके जपून कापले की आपल्याच हातांचा तिला नव्याने भरवसा वाटला.

घरी येऊन तिने सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, मला पाटी करून द्या. मोठ्या अक्षरात." त्यांच्याकडे पाट्या बनवायचंही अ‍ॅप होतंच. मजकूर वहिनीने सांगितला: मला ऐकू येत नाही. समोर बघून, सावकाश बोला. केस मनासारखे कापून मिळतील. सासऱ्यांनी भोवती वेलबुट्टीची चौकट काढली होती, ती तिने काढायला लावली. नवऱ्याने पाटी छापून आणली आणि दाराच्या काचेवर लावली. सासऱ्यांनी अर्थातच ती सरळ आहे की नाही ते पाणसळवाल्याकडून तपासून घेतलं.

काहीजणी पाटी वाचून दारातूनच परतल्या. ते वहिनीने आतून पाहिलं आणि पाहून कात्री चालूच ठेवली. काहीजणींना आपलं बोलणं अक्षरांत बघायचा संकोच वाटायचा. एकजण म्हणाली, "सासूबद्दल बोलायचं तर छापील पुरावा नको बाई." तेव्हापासून वहिनीने टॅब्लेट आरशाखालून काढून बाजूच्या ट्रॉलीवर, फक्त आपल्याला दिसेल असा ठेवला, आणि खुर्ची रिकामी होताना गिऱ्हाइकासमोरच सगळा मजकूर पुसायला सुरुवात केली. "झालं," ती म्हणायची, "सासूबाई सुटल्या."

आणखी एक युक्ती तिची तिलाच सुचली. ती आता गिऱ्हाइकाचा पाठीमागून फोटो काढायची आणि टॅब्लेट तिच्या हातात द्यायची. "बोटाने रेघ मारा. इथपर्यंत कापायचे, ते दाखवा." फोटोवर रेघ उमटली की त्यात खांदा-कानाचा घोळ होण्याचा प्रश्नच उरत नव्हता. नवल म्हणजे हे सगळ्यांनाच आवडलं. दोन शब्दांत न सांगता येणारं पुष्कळजणी बोटाने सांगू लागल्या. एक तर तीनदा रेघ पुसून शेवटी म्हणाली, "माझंच नक्की नाहीये, पुढच्या आठवड्यात येते." पूर्वी ती कापून घेऊन मग रडली असती.

करार संपायला आला तसं मालकाने सगळ्यांना घरी बोलावलं. तो गाळ्याच्या वरच राहायचा. नणंद तिच्या दिराला घेऊन आली होती. वहिनी नवऱ्यासोबत गेली आणि टॅब्लेट टेबलाच्या मध्यावर ठेवला.

सुरुवात झाली आणि सगळे एकदमच बोलायला लागले. मालक, नणंद, दीर, मध्येच नवरा. कारकून बिचारा जिवाच्या आकांताने लिहीत होता. "भाडं वेळेवर कव्हर चार्जर ऐकू नाही आग दादा तू सांग भलं तिचंच वेळेवर." वहिनीने दोन ओळी वाचल्या आणि टॅब्लेटवर तळहात ठेवला.

"एकेकाने बोला," ती म्हणाली. "मी सगळ्यांना उत्तर देणार आहे. पण एकेकाला."

खोली शांत झाली हे तिला चेहऱ्यांवरून कळलं. तिने हात काढून मालकाकडे पाहिलं.

मालक घसा साफ करून म्हणाला, "तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण एकट्या असता. खाली काही पेटलं, कोणी हाका मारल्या, तर तुम्हाला कळणार कसं?"

"फोन आला की दुकानात दिवा लागतो, तसा यांनी जोडलाय. दार उघडलं तरी लागतो. आणि माझे कान गेलेत, नाक शाबूत आहे. जळकं मला तुमच्या आधी कळेल."

मालकाला हसू आलं. दिराने विचारलं, "पण गिऱ्हाईक टिकेल का?" त्याचा सूर वाईट नव्हता, त्याला गाळा हवा होता, एवढंच.

"उद्या सकाळी खाली येऊन बाकड्यावर बसा. जागा मिळाली तर."

मग नणंद. तिचे डोळे भरले होते. "वहिनी, मी तुझं वाईट चिंतीन का गं? तुझ्या भल्यासाठीच केलं."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली. "पण भलं माझं आहे ना? मग ते मला विचारून कर."

नणंदेने मान खाली घातली. वहिनीने पडद्याकडे पाहिलंही नाही. शेवटी तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता त्याची पाळी होती. तो मालकाला म्हणाला, "करार तिच्या नावाने करा. मागच्या वेळी माझ्या नावाने होता. दुकान ती चालवते."

हे कारकुनाने एकही अक्षर न चुकवता लिहिलं. वहिनीने ते वाचलं आणि मग पेन मागितलं.

दिराला पुढे दोन गल्ल्या सोडून जागा मिळाली. नणंद महिनाभर आली नाही, मग एका दुपारी येऊन बाकड्यावर बसली, पाळी आल्यावर खुर्चीत बसली आणि फोटोवर नीट रेघ मारून दिली. दोघींनी त्या विषयावर पुन्हा बोलणं काढलं नाही.

कराराच्या त्या दिवशी मात्र मालकाच्या जिन्यावरून उतरून दोघं रस्त्यावर आली तेव्हा वाहनांची वर्दळ होती. टॅब्लेट पिशवीत होता. नवरा दोन पावलं पुढे गेला, थांबला, मागे वळून तिच्या समोर उभा राहिला. लोक बाजूने जात होते. दिव्याचा उजेड चेहऱ्यावर पडेल अशा बेताने तो सरकला आणि सावकाश म्हणाला, "जमणार नाही म्हणालो होतो. चुकलो."

"वाचलं होतं," वहिनी म्हणाली. "आता हे पाहिलं. चला, बाबा जेवायचे थांबले असतील."